गुंगीचे इंजेक्शन मिळत नाही तेव्हा: डॉ. राल्फ वॉटर्स यांचे आयुष्य आणि तुमची डे-केअर शस्त्रक्रिया

तुमच्या घरात कुणाची तरी एन्डोस्कोपी, हर्निया किंवा हाताची छोटी शस्त्रक्रिया ठरली आहे. सकाळी जायचे, संध्याकाळी घरी परत. आदल्या दिवशी केंद्रातून फोन येतो की नेहमीचे गुंगीचे इंजेक्शन सध्या मिळत नाही. दुसरे वापरू, नाहीतर तारीख थोडी पुढे घेऊ. फोन ठेवल्यावर तुमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो साहजिकच आहे: दुसरे म्हणजे कमी दर्जाचे का? आणि त्यातून काही धोका तर नाही ना?

या प्रश्नाचे उत्तर देताना मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. डॉ. राल्फ मिल्टन वॉटर्स. भूलशास्त्र शिकलेल्या कुठल्याही डॉक्टरला हे नाव ठाऊक असते, पण रुग्णांपर्यंत ते फारसे पोहोचलेले नाही. तुम्ही ज्याला आज डे-केअर म्हणता तशी जागा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी चालवली, भुलीचा वायू वाया जाऊ नये म्हणून एक साधा डबा वापरात आणला, आणि शिरेतून द्यायच्या गुंगीच्या औषधांतले एक फार महत्त्वाचे औषध माणसाला पहिल्यांदा दिले तेही त्यांनीच.

सू सिटीतला खाटेचा दवाखाना

वॉटर्स यांचा जन्म १८८३ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉर्थ ब्लूमफील्ड या छोट्या गावी झाला. क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातून ते १९१२ मध्ये डॉक्टर झाले आणि आयोवा राज्यात, मिझुरी नदीच्या काठच्या सू सिटी या शहरात त्यांनी साधी जनरल प्रॅक्टिस सुरू केली. ताप, खोकला, बाळंतपणे, सगळेच.

त्या काळी भूल देणे हे कुणा एकाचे काम नव्हते. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर ओळखीतल्या दुसऱ्या डॉक्टरला, कधी नर्सला, कधी शिकाऊ मुलाला बोलावून घेई. तोंडावर कापड किंवा जाळी धरायची, त्यावर ईथर किंवा क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायचे आणि पेशंट शांत झाला की पुढचे काम सुरू. किती थेंब, किती वेळ, श्वास कसा चालला आहे, ओठ निळे पडत आहेत का, याकडे सतत बघणारा माणूस असायलाच हवा अशी शिस्त बहुतेक ठिकाणी नव्हती. वॉटर्स यांनीही इतरांसारखी अशी भूल द्यायला सुरुवात केली, पण त्यांना त्यातच रस वाटू लागला. काही वर्षांतच त्यांनी बाकीची प्रॅक्टिस सोडून फक्त भूल देण्याचे काम करायचे ठरवले. एका लहान शहरात, त्या काळात, हा निर्णय धाडसाचाच होता. नुसती भूल देऊन पोट भरेल असे फार थोड्यांना वाटत असे.

पोट भरण्याची वाट त्यांनी शोधली ती शहराच्या मध्यवस्तीत. दात काढणे, गळू फोडणे, छोट्या गाठी काढणे यासाठी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात दाखल करायची गरज नव्हती. पण दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत एकट्यादुकट्याने भूल देणेही सुरक्षित नव्हते. वॉटर्स यांनी मध्यवस्तीत एक जागा घेतली. बसायला खोली, एक छोटे ऑपरेशनचे दालन, आणि शेजारी एका खोलीत खाट. दंतवैद्य आणि शल्यचिकित्सक आपापले रुग्ण तिथे घेऊन येत, वॉटर्स भूल देत, आणि काम झाले की रुग्ण त्या खाटेवर पडून राही. नीट जाग आली की घरी. १९१९ मध्ये या दवाखान्याची हकिगत त्यांनी एका वैद्यकीय मासिकात लिहिली. आजच्या डे-केअर केंद्रांचा इतिहास सांगताना तो लेख हमखास आठवला जातो.

(घरी जायच्या शस्त्रक्रिया त्याआधीही होत होत्या. ग्लासगोमध्ये जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये सांगितले होते की, दहा वर्षांत ८,९८८ लहान मुलांच्या शस्त्रक्रिया बाह्यरुग्ण म्हणून झाल्या. पण तिथे शल्यचिकित्सकाचा विचार होता. वॉटर्स यांच्याकडे भूल देणाऱ्याचा.)

त्या खाटेकडे मी तुमचे लक्ष मुद्दाम वेधतो आहे. डे-केअर म्हटले की आपण सगळे सुईकडे, औषधाकडे बघतो. खरे तर बाहेरगावाहून आलेल्या, घरी जायची घाई असलेल्या रुग्णाच्या सुरक्षिततेचा मोठा भाग त्या खाटेवर, शस्त्रक्रियेनंतरच्या तासाभरात ठरतो. औषध बदलले की सगळ्यात आधी बदलतो तो हाच वेळ. नेहमीच्या इंजेक्शनने पाऊण तासात उठून बसणारा माणूस दुसऱ्या इंजेक्शनने दोन तास पेंगुळलेला राहू शकतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, मात्र तेवढा वेळ त्याच्यापाशी लक्ष ठेवणारे माणूस हवे आणि केंद्राने संध्याकाळी दिवे घालवायची घाई करता कामा नये.

वाया जाणारा श्वास

सू सिटीच्या दवाखान्यात वॉटर्स बहुधा नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन वापरत. हे वायू जड सिलिंडरमधून येत आणि स्वस्त नव्हते. आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. तुम्ही भुलीचा वायू श्वासात घेता तेव्हा त्यातला फार थोडा भाग शरीर वापरते. बाकीचा जवळजवळ जसाच्या तसा उच्छ्वासातून बाहेर येतो. त्या काळच्या यंत्रांत तो खोलीत निघून जाई. म्हणजे मिनिटाला कित्येक लिटर वायू सिलिंडरमधून सोडायचा आणि त्यातला बहुतांश भाग खोलीतल्या नर्सच्या आणि डॉक्टरच्या नाकात जायचा. पैसा वाया, वर डोकेदुखी फुकट.

मग बाहेर आलेला श्वास पुन्हा का घेऊ नये? अडचण कार्बन डायऑक्साइडची. तो साचत गेला की रुग्णाचा श्वास धापा टाकल्यासारखा होतो, घाम फुटतो, नाडी वाढते, आणि पुढे जिवावर बेतते. सेंट लुई येथील औषधशास्त्रज्ञ डेनिस जॅक्सन यांनी १९१५ च्या सुमारास कुत्र्यांवर दाखवून दिले होते की हा वायू रसायनांत शोषून घेता येतो आणि उरलेली भूल पुन्हा पुन्हा वापरता येते. पण ते यंत्र प्रयोगशाळेचे होते. ऑपरेशनच्या टेबलाशेजारी कुणी ते नेले नाही.

वॉटर्स यांनी नेले. त्यांनी सोडा लाइमचे दाणे वापरले. हा चुना आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून केलेला पदार्थ. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांसाठी त्यावर बरेच काम झालेले होते. वॉटर्स यांनी हे दाणे भरलेला एक डबा रुग्णाच्या मुखवट्याला जोडला आणि डब्याच्या पलीकडे रबरी पिशवी. रुग्ण श्वास सोडतो तो डब्यातून पिशवीत जातो, घेतो तो पिशवीतून त्याच डब्यातून परत येतो. जाता-येता दाणे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात. शरीर जेवढा ऑक्सिजन खर्च करते तेवढाच, म्हणजे विश्रांती घेणाऱ्या मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर, नवा सोडायचा. कित्येक लिटरच्या ठिकाणी पाव लिटर! १९२४ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले.

या डब्यात दोषही होते. तो रुग्णाच्या तोंडापाशी लोंबकळे, तापे, चुन्याची धूळ श्वासात जाई. १९३० मध्ये ब्रायन सोर्ड यांनी नळ्यांचे वर्तुळ करून डबा रुग्णापासून दूर यंत्रावर बसवला आणि तीच रचना आजवर चालू आहे. तुम्ही कधी ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावर आडवे झालात आणि भुलीच्या यंत्राकडे नजर गेली, तर खाली एक पारदर्शक डबा दिसेल, पांढऱ्या दाण्यांनी भरलेला. काही प्रकारांत दाणे संपत आले की ते जांभळे होतात. तो वॉटर्स यांच्या डब्याचा वंशज.

मला वॉटर्स यांच्याबद्दल सर्वांत आवडणारी गोष्ट ही की, त्यांची काटकसर रुग्णाच्या अंगावर कधी आली नाही. औषध कमी पडले म्हणून त्यांनी डोस कमी केला नाही, किंवा एकासाठी आणलेले दोघांत वाटले नाही. वाया काय जाते आहे हे शोधले आणि ते थांबवले. शिवाय रुग्णाला बंद परिपथात उबदार, दमट हवा मिळू लागली हा वरचा फायदा. तुटवड्यात काटकसर कशी करावी आणि कशी करू नये, हा फरक पुढे पुन्हा येणार आहे.

मॅडिसन: एकट्याचे कसब ते शिकवता येणारी विद्या

मधली काही वर्षे कॅन्सस सिटीत घालवल्यावर १९२७ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील नव्या रुग्णालयात गेले. शल्यविभागाचे प्रमुख अर्विन श्मिट यांनी त्यांना बोलावून घेतले होते. वय चाळिशीच्या पुढे. तिथे त्यांनी भूलशास्त्रात डॉक्टरांना रीतसर तयार करण्याचा अभ्यासक्रम उभारला. आज एमडी अॅनेस्थेशिया शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ज्या पद्धतीने घडतो तिचा आराखडा बराचसा मॅडिसनचा आहे.

दोन गोष्टी तुमच्याशी थेट संबंधित आहेत. पहिली, नोंद. प्रत्येक भुलीचा कागद भरायचा: नाडी, रक्तदाब, श्वास, कोणते औषध किती वाजता किती दिले. ही माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवून ठेवत, म्हणजे शेकडो रुग्णांचा अनुभव एकत्र बघता येई. दुसरी, आठवड्याची बैठक. काय बिघडले, कोण दगावले, का, यावर सगळ्यांसमोर चर्चा. त्या काळी डॉक्टर अशा गोष्टी झाकून ठेवत. इथे त्या टेबलावर मांडल्या जात आणि बैठकीत बसलेला सगळ्यात नवा विद्यार्थीही प्रश्न विचारू शके.

इथेच आर्थर ग्वेडेल या मित्राबरोबर त्यांनी श्वासनलिकेत घालायच्या नळीला फुगा जोडला, म्हणजे पोटातले पाणी किंवा रक्त फुफ्फुसात जाऊ नये. १९२८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. फुगा खरोखरच पाणी अडवतो हे पटवण्यासाठी ग्वेडेल यांनी कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून, चक्क पाण्याच्या टाकीत बुडवून दाखवले होते. कुत्रा सुखरूप बाहेर आला. त्याचे नाव एअरवे, म्हणजे श्वासमार्ग!

मॅडिसनला शिकून गेलेले डॉक्टर देशोदेशी पसरले. एमरी रोव्हेन्स्टाइन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात, टॉर्स्टन गोर्ड स्वीडनमध्ये. व्हर्जिनिया अॅपगार यांनीही १९३७ मध्ये काही महिने तिथे प्रशिक्षण घेतले. तुमच्या बाळाच्या जन्माच्या कागदावर अॅपगार स्कोअर लिहिलेला असेल, त्या याच.

स्फोट होणारा वायू आणि शिरेतली झोप

१९२९ मध्ये टोरांटोत लुकास आणि हेंडरसन या संशोधकांना दिसले की सायक्लोप्रोपेन नावाचा वायू फार चटकन आणि सौम्यपणे झोप आणतो. हेंडरसन यांनी तो स्वतःवर घेऊनही पाहिला. पण टोरांटोत नुकतेच भुलीच्या दुसऱ्या औषधाने मृत्यू झाले होते आणि तिथे नवा वायू रुग्णांना द्यायला परवानगी मिळेना. तेव्हा तो मॅडिसनला वॉटर्स यांच्याकडे आला.

वायू चांगला, पण महाग आणि ठिणगी पडली तर स्फोट. उघड्या पद्धतीने वापरणे परवडणारे नव्हते आणि सुरक्षितही नव्हते. वॉटर्स यांच्याकडे मात्र बंद परिपथ तयार होता. वायू खोलीत सुटतच नाही म्हटल्यावर खर्चही आटोक्यात आणि स्फोटाचा धोकाही कमी. १९३० पासून त्यांनी तो रुग्णांना देऊन पाहिला, पण घाई न करता नोंदी जमवल्या आणि १९३४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढची पंचवीसेक वर्षे जगभर हा वायू वापरला गेला. हॅलोथेनसारखी न पेटणारी औषधे आली तसा तो मागे पडला.

त्याच १९३४ मधली ८ मार्च ही तारीख. अॅबट कंपनीतील व्होल्वायलर आणि टॅबर्न या रसायनतज्ज्ञांनी तयार केलेले थायोपेंटॉल वॉटर्स यांनी मॅडिसनमध्ये रुग्णाला शिरेतून दिले. माणसाला दिलेला हा पहिला डोस मानला जातो. त्यानंतर काही महिन्यांनी मेयो क्लिनिकमध्ये जॉन लंडी यांनी त्याचा पद्धतशीर वापर सुरू केला आणि औषध लोकप्रिय झाले ते त्यांच्यामुळे. हातात सुई, दहा-वीस सेकंद, आणि माणूस झोपला. ईथरचा गुदमरवणारा वास नाही, हातपाय झाडणे नाही.

वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी त्यावर १९३६ मध्ये लिहिले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या होत्या: झोप थोडा वेळ टिकते, आणि वेदना मात्र फारशी कमी होत नाही. या औषधाने श्वासही मंदावतो. तुमच्यासाठी यातला मुद्दा असा की, गुंगी आणि वेदनाशमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज वापरात असलेले प्रोपोफॉल, मिडाझोलाम ही औषधे झोपवतात, पण दुखणे थांबवत नाहीत. त्यामुळे गुंगीचे एक इंजेक्शन नसले म्हणजे तुम्हाला दुखणार, असा अर्थ होत नाही. दुखणे थांबवायला जागा बधिर करणारे इंजेक्शन, नस बधिर करणे, किंवा फेंटॅनिलसारखी औषधे असतात.

तुटवडा येतो कुठून, आणि केंद्र काय करते

थायोपेंटॉलचेच पुढे काय झाले ते बघा. २०११ सालापर्यंत अमेरिकेत ते बनवणारी एकच कंपनी उरली होती. तिने उत्पादन इटलीत हलवायचे ठरवले, तेव्हा हे औषध अमेरिकेत मृत्युदंडासाठी वापरले जाणार नाही याची हमी तिथल्या अधिकाऱ्यांनी मागितली. कंपनीला ती देता येईना, आणि जानेवारी २०११ मध्ये तिने ते बनवणेच थांबवले. जवळजवळ ऐंशी वर्षे वापरलेले औषध एका देशातून असे गेले. भारतात ते अजून वापरले जाते.

प्रोपोफॉलचीही तीच गत २००९-१० मध्ये झाली. दर्जाच्या तक्रारींमुळे काही माल परत बोलावला गेला, एका मोठ्या उत्पादकाने उत्पादन सोडले, आणि अमेरिकेला परदेशी बनावटीचे प्रोपोफॉल तात्पुरते आणावे लागले. २०२० मध्ये कोविडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना प्रोपोफॉल आणि मिडाझोलाम इतके लागले की ठरवून करायच्या शस्त्रक्रियांना ते पुरेना. शिरेतून द्यायची औषधे निर्जंतुक बनवणे कठीण, नफा कमी, बनवणारे मोजके. एक कारखाना अडला की सगळीकडे ओढ लागते.

अशा वेळी चांगले केंद्र आधी रुग्णांची वर्गवारी करते. ज्याला ते औषधच हवे, उदाहरणार्थ लगेच जाग येणे ज्याच्यासाठी फार गरजेचे आहे, त्याच्यासाठी राखून ठेवते. मोतीबिंदूला बहुतेक वेळा डोळ्यात थेंब किंवा जागेवर बधिर करणे पुरते. हाताच्या शस्त्रक्रियेला काखेत नस बधिर करता येते. लहान मुलांना सेव्होफ्लुरेन वायूने झोपवता येते. एन्डोस्कोपीला मिडाझोलाम थोड्या प्रमाणात चालते. काही जण तर घशात फवारा मारून, जागेपणीच तपासणी करून घेतात. मोठ्या बाटल्यांऐवजी छोट्या मागवल्या तर उरलेले फेकून द्यावे लागत नाही, आणि ही वॉटर्स यांच्या जातीची काटकसर.

दुसऱ्या जातीची काटकसर मात्र जीवघेणी आहे. २००८ मध्ये लास वेगासमध्ये उघड झाले की, एका एन्डोस्कोपी केंद्रात प्रोपोफॉलची एकाच रुग्णासाठी असलेली बाटली अनेकांत वापरली जात होती आणि वापरलेल्या सिरिंजने त्यातून पुन्हा औषध काढले जात होते. काही जणांना हिपॅटायटिस सीची लागण झाली आणि साठ हजारांहून अधिक लोकांना रक्त तपासून घ्या म्हणून कळवावे लागले. प्रोपोफॉल हे सोयाबीन तेलाचे दुधासारखे मिश्रण आहे. उघडे राहिले की त्यात जंतूही झपाट्याने वाढतात. म्हणून तुटवडा कितीही असो, एका बाटलीत दोन रुग्ण नाहीत. हे तुम्ही सरळ विचारा: बाटली आणि सिरिंज माझ्या आईसाठी नवीन उघडणार ना? नीट काम करणाऱ्या कुठल्याही भूलतज्ज्ञाला याचा राग येणार नाही.

दुसरा धोका तीव्रतेचा. बदली माल आला की त्याची ताकद वेगळी असू शकते. मिडाझोलाम एका मिलीलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असेही येते आणि ५ मिलिग्रॅम असेही, म्हणजे पाचपट फरक. प्रोपोफॉल एक टक्का आणि दोन टक्के. त्यामुळे सवयीने तेवढेच मिलीलिटर काढले तर काय होईल ते तुम्हीच ओळखा. हे सांभाळणे केंद्राचे काम आहे: लेबल, दोघांनी तपासणे, वेगळ्या कप्प्यात ठेवणे. तुमचे काम, तुमच्याबद्दलची माहिती पूर्ण सांगणे. झोपेची गोळी रोज घेता का, दारू किती, घोरता का किंवा झोपेत श्वास अडकतो का, आधीच्या भुलीत काही त्रास झाला होता का, वजन किती. औषध बदलले की या उत्तरांचे महत्त्व वाढते, कारण डॉक्टर नेहमीच्या सवयीच्या डोसवर नाही, तुमच्या अंगावर हिशेब करत असतो. उपाशी राहण्याचा नियमही गुंगी हलकी आहे म्हणून सैल करू नका. साधारणपणे हलके खाणे सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी थांबवतात, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ हीच खरी.

बदली औषधांचे रंग वेगवेगळे. केटामाइनने काहींना विचित्र स्वप्ने पडतात, एटोमिडेटने मळमळ होते आणि स्नायू थोडे उडतात, डेक्समेडिटोमिडीन सावकाश चढते आणि नाडी मंद करते. यातले काहीही दिसले तर नातेवाईकांनी घाबरून जाऊ नये, पण सांगावे जरूर. घरी नेताना सोबत समजदार माणूस हवेच. पुढचे चोवीस तास गाडी चालवणे नाही, बँकेच्या कागदावर सही नाही, गॅसपाशी एकटे उभे राहणे नाही.

आणि पुढे ढकलण्याबद्दल. गाठीची तपासणी, रक्तस्राव, अडकलेला हर्निया या गोष्टी औषधासाठी थांबवू नयेत. त्यांना दुसऱ्या पद्धतीची भूल द्यावी किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवावे. नुसती ठरवून करायची, वाट पाहू शकणारी शस्त्रक्रिया असेल तर आठ-पंधरा दिवस थांबण्यात माझ्या मते काही गैर नाही. ओळखीच्या हाताने ओळखीचे औषध देणे हे घाईघाईने कधी न वापरलेले देण्यापेक्षा कितीतरी बरे. भूल देणारा प्रशिक्षित माणूस, ऑक्सिजन, बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर, श्वास अडला तर पिशवीने श्वास देण्याची सोय: एवढे तयार आहे का, हे औषधाच्या नावापेक्षा आधी विचारा. ती पिशवी आणि मुखवटा यांच्या एका साध्या जोडणीला ब्रिटनमधले भूलतज्ज्ञ आजही वॉटर्स सर्किट म्हणतात.

संत्र्यांची बाग

वॉटर्स १९४९ मध्ये निवृत्त झाले आणि फ्लोरिडात जाऊन संत्री पिकवू लागले. व्याख्याने, सत्कार यांत फारसे रमले नाहीत. जाता जाता एक काम मात्र त्यांनी पुरे केले. क्लोरोफॉर्म वापरात येऊन शंभर वर्षे झाली होती आणि ते धोकादायक म्हणून जवळपास टाकून दिले गेले होते. मॅडिसनच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ते नव्या साधनांनी, नव्या नोंदींनी पुन्हा तपासले आणि १९५१ मध्ये त्यावरचे पुस्तक संपादित केले. नवे औषध स्वीकारायला घाई नाही आणि जुने टाकायलाही नाही, हा स्वभाव शेवटपर्यंत राहिला. क्लोरोफॉर्म काही परत आले नाही.

१९७९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी ते वारले. प्रोपोफॉलच्या माणसांवरील चाचण्या त्या वेळी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. ब्रिटनमध्ये ते बाजारात आले १९८६ मध्ये.